बलाढ्याची हार

सोचीच्या २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये लांब पल्ल्याच्या धावपट्टीवर स्पीड स्केटिंगची ३६ पदके होती. त्यांतली २३ एकट्या नेदरलँड्सने नेली. १५०० मीटरमध्ये मात्र पोलंडचा ब्रुत्का, पेशाने अग्निशामक दलाचा जवान, डच फरवेईहून ०.००३ सेकंदाने सरस ठरला, आणि मला मनापासून आनंद झाला. हा आनंद न्यायाचा म्हणावा काय? फरवेईने कुणाचे काही हिरावले नव्हते. घामही कमी गाळला नव्हता. विषमता होती ती शर्यतीबाहेर. पोलंडात छपराखालची ४०० मीटरची बर्फाची धावपट्टी झाली ती २०१७ साली. दुबळ्याची बाजू घेण्यात माणुसकी आहे खरी. पण बलाढ्य हरल्याने दुबळ्याच्या सरावाची सोय होत नाही. ती सोय झाल्यावरही कुणी हरला, तर ती हार त्याची स्वतःची.