नापास कोण : हत्ती की प्रश्नपत्रिका?



पोराचे गणित चुकले की आपण त्याला गाढव म्हणतो. राग जास्त असला तर बैलोबा. काऊ-चिऊच्या गोष्टीतही शहाणपण सगळे चिऊताईच्या वाट्याला आणि शेणाचे घर कावळ्याच्या. जनावरांच्या अकलेची उतरंड आपण पाळण्यापासूनच लेकरांच्या हाती देतो. पण २००२ साली ऑक्सफर्ड विद्यापीठात काय घडले ते पाहा. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या जातीची बेटी नावाची एक कावळी होती. तिने सरळ तार वाकवून तिचा आकडा केला आणि नळीच्या तळाशी ठेवलेली खाण्याची इवली बादली वर ओढून काढली. चिऊताईचा असा पराक्रम माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

मी शिक्षक आहे. परीक्षा घेणे हे माझे रोजचे काम. त्यामुळे वर्गात कुणी विचारले, ‘सर, सगळ्यांत हुशार प्राणी कोणता?’ तर माझ्या मनात आधी दुसराच प्रश्न येतो : पेपर कुणी काढला?

मेंदूच्या वजनावर निकाल लावायचा म्हटला तर माणसाचा मेंदू सुमारे १३५० ग्रॅम, हत्तीचा ५ किलोच्या आसपास आणि स्पर्म व्हेल या देवमाशाचा ८ किलोपर्यंत. पहिला नंबर आपला नाही. बरे, शरीराच्या प्रमाणात मोजू म्हटले, तर कणगीतला उंदीर जवळजवळ आपल्या मांडीला मांडी लावून बसतो. हा रस्ता इथेच सोडू.

गिबन नावाचे बिनशेपटीचे वानर असते. त्याचा एक प्रकार आपल्या आसामातही आहे. दोरी ओढून खाऊ जवळ आणायचा, या परीक्षेत गिबन नापास होत, म्हणून त्यांच्यावर मंदबुद्धीचा शिक्का बसला होता. १९६७ साली बेंजामिन बेक या अमेरिकन संशोधकाने त्यांचे हात नीट न्याहाळले. लांबसडक बोटे, आखूड अंगठा. फांदीला लटकायला हा हात उत्तम, पण सपाट जमिनीवरची दोरी चिमटीत धरायला निरुपयोगी. बेकने दोऱ्या जमिनीवरून उचलून खांद्याच्या उंचीवर बांधल्या. गिबन पास झाले! अक्कल तीच होती, बदलली होती दोरीची जागा.

हत्तीची कथाही अशीच. उंचावरची वस्तू काठीने पाडायची, हे चिंपांझीला जमते, हत्तीला जमत नाही, असे दिसले होते. काठी धरायची सोंडेने. पण सोंड हा हत्तीचा नुसता हात नव्हे, ते त्याचे नाकही आहे. काठीभोवती सोंड वळवली की वास घेणे बंद, चाचपणे बंद. तुमच्या-माझ्या डोळ्यांना पट्टी बांधून ‘आता शोधा’ म्हणण्यासारखेच ते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात कंडुला नावाचा सात वर्षांचा आशियाई हत्ती होता. त्यानेही काठ्यांकडे पाठच फिरवली. पण आवारात एक भक्कम ठोकळा होता. तो लोटत लोटत त्याने लटकणाऱ्या फळांखाली आणला, पुढचे पाय त्यावर ठेवले आणि फळ काढले. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले.

मात्र प्राण्यांचे कौतुक करतानाही पुरावा सोडून चालणार नाही. ‘या आणि स्वतः पाहा’ असे सांगणाऱ्या धम्माचे आपण अनुयायी आहोत. बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा (आमच्याच बिरादरीतला माणूस!) हान्स नावाचा घोडा होता. बेरीज विचारली की तो टापा आपटून उत्तर देई. १९०४ साली तज्ज्ञांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट याने बारकाईने तपासले. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुके. बरोबर आकडा येताच माणसाचे डोके नकळत किंचित हले आणि हान्स तिथे थांबे. लोक हसले, घोड्याला गणित येत नाही म्हणाले. पण माणसाला स्वतःलाही न कळणारी त्याची हालचाल हेरणे, ही का लहान बुद्धी? तिचा पेपर कुणी काढलाच नव्हता.

याचा अर्थ सगळे प्राणी सारखेच, असा नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान भाषेत आणि लिपीत साठवून पुढे नेण्यात माणसाच्या जवळपासही कुणी नाही. पण हजारो जागी पुरलेल्या बिया महिन्यांनंतर बर्फाखालून शोधून काढणारा अमेरिकेतला नटक्रॅकर पक्षी स्मरणाचा पेपर काढील, तर आपले काय होईल?

इथे एका शब्दाशी थांबू या. आपली मराठी कावळ्याचीही ‘जात’ म्हणते आणि माणसाचीही. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात तथागतांनी ही गाठ सोडवली आहे. गवत, किडे, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्यात जन्मानेच वेगवेगळी लक्षणे असतात, माणसामाणसांत तशी नसतात, असे ते दोन तरुण ब्राह्मणांना समजावतात. तरीही रिस्लेसारख्या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाच्या मापावरून आपल्याकडे जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात तशीच नाकांची मापे पुढे ठेवली आणि त्यांवरूनच ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात असे दाखवले. मोजपट्टी कुणाच्या हाती आहे, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. माझ्या लहानपणी एक गुरुजी आमच्या वस्तीतल्या पोरांना धडा वाचायला कधी उभेच करीत नसत. वर्षअखेर शेरा मात्र देत : वाचन कच्चे.

‘अक्कल कमी, म्हणून हक्क कमी’ हे सूत्र माणसांच्या बाबतीत आपण धुडकावले. मग जनावराला पराणी टोचताना ‘त्याला काय कळतंय’ असे आपल्याच तोंडून कसे निघते? पंचशीलातले पहिले शील घेताना आपण प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे व्रत घेतो. अमुक इतकी बुद्धी असलेल्याच प्राण्याला मारू नये, अशी अट त्यात कुठे घातलेली नाही. मरीआईपुढचा बकरा सोडला तोही त्याची परीक्षा घेऊन सोडला नव्हता. शेतावर बैल असेल, दारात कुत्रे असेल, तर घरातल्या मुलांना महिनाभर त्याच्याकडे नीट पाहायला सांगा : तो वाट कशी ओळखतो, कुणाच्या पावलांना कान टवकारतो, कुणाला पाहून मागे सरतो. वहीत तारीख घालून लिहू द्या. शेवटच्या नोंदीत कुणाकुणाची नावे येतात, तेही पाहा.