केव्हापासून?

आजचे वाचन: मार्क 9:14-29



फेब्रुवारी-मार्च आला की पुण्यात आपल्या घरांमधलं वातावरण बदलतं. दहावी-बारावीची परीक्षा, क्लासच्या टेस्ट, पुढे सीईटी नाहीतर जेईई. सकाळी मुलाच्या पोटात गोळा येतो. मुलगी रात्री दोनपर्यंत जागी असते आणि विचारलं तर "काही नाही" म्हणते. आईबाबांचंही फार वेगळं नसतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायचं, जेवण होतंय न होतंय तोच अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल. रविवारी चर्चमध्ये मात्र सगळे इस्त्रीचे कपडे घालून हसतमुख! आजच्या वाचनात असंच एक दमलेलं घर आहे.

येशू डोंगरावरून खाली येतो तेव्हा मोठी गर्दी जमलेली असते. शिष्य आणि शास्त्री यांचा वाद चालू आहे आणि त्या गर्दीत एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा आहे. लूक सांगतो की तो त्याचा एकुलता एक मुलगा होता. शिष्यांनी प्रयत्न केला, पण जमलं नाही. वाद रंगलाय, मुलगा तसाच.

मुलाला येशूजवळ आणतात, तो खाली पडून लोळू लागतो, तोंडाला फेस येतो. आपण असतो तर धावपळ, आरडाओरडा. येशू त्या क्षणी बापाला एक साधा प्रश्न विचारतो: हे केव्हापासून होतंय?

मला हा प्रश्न फार ओळखीचा वाटतो. आमच्या कामात प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं की पहिला प्रश्न हाच असतो, कधीपासून? पण आम्हाला माहीत नसतं म्हणून आम्ही विचारतो. योहान 2:25 सांगतं की माणसाच्या मनात काय आहे हे येशूला कोणी सांगावं लागत नव्हतं. मग त्याने का विचारलं? मला वाटतं, बापाला बोलता यावं म्हणून.

आणि बाप बोलतो. लहानपणापासून, तो सांगतो. कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. विचार करा, चूल पेटलेली असली की भीती, विहिरीजवळून गेलं की भीती. किती वर्षं हा माणूस नीट झोपला नसेल! म्हणूनच तो फक्त "मुलाला बरं कर" असं म्हणत नाही. तो "आम्हाला" मदत कर, "आमच्यावर" दया कर, असं म्हणतो. एक मूल घाबरलेलं असतं तेव्हा सगळं घर घाबरलेलं असतं. येशूने विचारलं म्हणून त्या घराचं दुखणं बाहेर आलं.

आपण काय करतो? मूल म्हणालं, "मला भीती वाटते," की आपण लगेच वचन देतो. फिलिप्पै 4:6, चिंता करू नकोस, प्रार्थना कर, झालं. वचन खरंच आहे. पण ते पौलाने कैदेत असताना लिहिलं आणि तो चिंता करू नका एवढ्यावर थांबत नाही. मनात जे आहे ते देवाला सांगा, असं तो पुढे म्हणतो. म्हणजे तिथेही बोलायला जागा आहे. मुलाचं बोलणं आपणच तोडलं, तर देवाशी मोकळं बोलायला ते कुठे शिकणार?

पुण्याजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या 1887 च्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट आहे. त्यांची आई लक्ष्मीबाई गंगामूळच्या रानात राहायची आणि दिवसभर घरकामात बुडालेली असायची. म्हणून ती पहाटे, घर जागं होण्याआधी, झोपाळलेल्या रमेला उचलून घ्यायची, लाडाने जागं करायची आणि पाखरांच्या किलबिलाटात तिच्याकडून धडे म्हणून घ्यायची.

पुढे दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील गेले, बहीण गेली. आई मुलीला त्या संकटापासून वाचवू शकली नाही. पण तिने पहाट दिली होती, ती कोणी हिरावून घेतली नाही. 1896-97 च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याकडे घेऊन आल्या. जिच्यासाठी आईने रोज वेळ काढला, तिने इतक्या परक्या लेकींसाठी वेळ काढला.

मित्रांनो, आपणही मुलांना सगळ्या संकटांपासून वाचवू शकणार नाही. कटऑफ आपल्या हातात नाही, ले-ऑफही नाही. पण रोजची पंधरा मिनिटं आपल्या हातात आहेत. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून विचारायचं, केव्हापासून असं वाटतंय? आणि मग गप्प बसायचं. सल्ला नाही, "आमच्या वेळी" नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळ्यांमध्ये स्पष्ट बोलायला हवी. भीती वाटणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं कोणत्याही मुलाला सांगू नका. या बापाने तर सगळ्यांसमोर कबूल केलं की माझा विश्वास आहे, पण तो तोकडा पडतोय. येशूने त्याला परत पाठवलं नाही. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जीव नकोसा झाल्याचं मूल बोलत असेल, तर प्रार्थना करा आणि लगेच डॉक्टर किंवा समुपदेशकाकडेही जा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. ताप आल्यावर गोळी घेताना आपला विश्वास डळमळत नाही, मग इथेच का डळमळावा?

शेवटी येशूने त्या मुलाचा हात धरून त्याला उठवलं. त्याच्याआधी मात्र त्याने बापाचं ऐकून घेतलं. आज रात्री आपल्या घरात एवढं तरी करूया.

प्रार्थना: प्रभू येशू, तू त्या बापाचं ऐकलंस, आमचंही ऐक. मुलांसमोर सगळं ठीक असल्याचं सोंग आम्हाला करायला लावू नकोस. त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा धीर दे. आणि जिथे आमचा विश्वास तोकडा पडतो, तिथे तू आमचा हात धर. आमेन.