हात स्थिर राहण्याविषयीं

(निर्गम १७:८-१३, शास्ते २०:१६)



रफीदीम येथें अमालेकी लोकांशीं इस्राएलाची लढाई झाली, त्या दिवशीं मोशे टेंकडीच्या माथ्यावर हात वर करून उभा होता, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होई. हात खालीं आला कीं अमालेकाची. मोशे देवाचा सेवक खरा, पण त्याचे हात मांसाचेच होते; ते जड झाले. तेव्हां अहरोन व हूर ह्यांनीं काय केलें? धीर धर म्हणून त्यास उपदेश केला असें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. त्यांनीं एक धोंडा आणून त्याच्याखालीं ठेविला, त्यास त्यावर बसविलें, आणि एकानें इकडून व एकानें तिकडून त्याच्या हातांस आधार दिला. मग सूर्य मावळेपर्यंत ते हात हालले नाहींत. ह्या स्थिरपणास मूळ इब्री शास्त्रांत जो शब्द आहे तो "एमुना" होय. आणि हबक्कूकाच्या दुसऱ्या अध्यायांत नीतिमान मनुष्य ज्याच्या योगानें जगतो असें सांगितलें आहे, तोही हाच शब्द. तेथें आपण त्याचें भाषांतर विश्वास असें करितों. धोंड्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचे टेंकलेले हात आणि नीतिमानाचें जीवन ह्या दोहोंस एकच शब्द असावा, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

ह्या शब्दाचा अर्थ डोक्यानें समजून घेण्यापेक्षां हातानें शिकणें अधिक कठीण आहे. तो हातानें शिकावा लागतो अशा लोकांमध्यें अमेरिकेंतील हरिणांचे शिकारी आहेत. रायफल स्थिर कशी धरावी हा त्यांच्या विद्येचा अर्धा भाग होय, आणि तिच्यांत आपणांसही घेण्याजोगें पुष्कळ आहे, म्हणून ह्या वेळीं तिच्याविषयीं लिहीत आहों.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट सांगतों. आपल्या देशांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांत १९९१ सालीं झालेली दुरुस्ती ह्यांमुळें रानांतील हरिण मारणें हा गुन्हा आहे. मग तें चितळ असो, सांबर असो कीं भेकर असो. तेव्हां हें वाचून कोणीं मचाणावर जाऊन बसूं नये. अमेरिकेची गोष्ट निराळी आहे. तेथील पांढऱ्या शेपटीचें हरिण विसाव्या शतकाच्या आरंभीं बेसुमार शिकारीमुळें फार थोडें उरलें होतें. पुढें कायद्यानें त्याचें रक्षण झालें, आणि त्यास खाणारे लांडगे बहुतेक भागांतून नाहींसे झालेले असल्यामुळें आतां तें इतकें वाढलें आहे कीं मक्याचीं शेतें व रानांतील कोवळीं रोपें खाऊन टाकितें. म्हणून विस्कॉन्सिन राज्यांत नोव्हेंबर महिन्यांत, आभारप्रदर्शनाच्या सणाच्या आधींच्या शनिवारापासून नऊ दिवस, परवाना घेतलेल्या मनुष्यास बंदुकीनें हरिण मारण्याची मोकळीक असते. मांस घरीं नेऊन खातात. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायांत हरिण भक्ष्य प्राण्यांत गणलें आहे, त्यामुळें त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. नुसत्या शिंगांकरितां जीव घेणाऱ्याविषयीं मात्र आमचें मत चांगलें नाहीं; पण तो वाद येथें नको.

आतां हाताच्या थरथरीचा हिशेब पाहूं. रायफल दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत सुमारें ४० इंच लांब असते. खांद्याशीं टेंकलेला दस्ता तसाच राहून नळीचें तोंड इंचाचा केवळ दहावा भाग बाजूस सरलें, तर शंभर वारांवर गोळी नऊ इंच बाजूस जाते, आणि दोनशें वारांवर अठरा इंच. इंचाचा दहावा भाग म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी. हरिणाचें काळीज व फुप्फुसें जेथें असतात ती जागा पुढच्या पायाच्या किंचित् मागें, सुमारें आठ इंच रुंदीची असते. तिच्या मध्यावर धरलेला नेम चार इंचांहून अधिक ढळला कीं गोळी तिच्या बाहेर पडली. आणि उभ्यानें हातांत तोललेली, सात-आठ पौंडांची रायफल ज्वारीच्या दाण्याएवढी तर पहिलवानाच्या हातींही हालते. स्नायूचा धर्मच थरथरण्याचा आहे. छातींत काळीज उडतें, पायांवर सगळें शरीर किंचित् झुलतें. बळ वाढविल्यानें हें जात नाहीं.

म्हणून तेथील जाणते शिकारी नवशिक्यास पहिली गोष्ट ही शिकवितात कीं रायफल मांसानें धरूं नये, हाडांवर ठेवावी, आणि हाडें भूमीवर ठेवावीं. पोटावर निजून मारणें सर्वांत स्थिर. परंतु गवत व झुडपें आड येतात, म्हणून तें रानांत क्वचितच साधतें. त्याखालोखाल बसून. बसतांना कोपराचें टोंक गुडघ्याच्या वाटीवर ठेविलें तर तें धोंड्यावर ठेविलेल्या गोटीप्रमाणें घरंगळतें; म्हणून कोपर गुडघ्याच्या पुढें नेऊन दंडाचा मऊ भाग गुडघ्यास भिडवावा. पाठीस झाड मिळालें तर फारच उत्तम. एक गुडघा टेंकून मारणें त्याहून कमी, आणि उभ्यानें मारणें सर्वांत शेवटचें, दुसरा उपायच नसेल तेव्हांचें. मोशेलाही उभ्यानें जमलें नाहीं, बसल्यावर जमलें, हें येथें सहज आठवतें.

त्यांतही आधार कशाचा आणि कोठें द्यावा ह्याचें शास्त्र आहे. नळी फांदीवर किंवा दगडावर उघडी टेंकूं नये. गोळी सुटतांना नळी कंप पावते, आणि कठीण वस्तूवर ती उसळून गोळी भलतीकडे जाते. टेंका नळीस नव्हे, तर तिच्याखालच्या लांकडास द्यावा, आणि मध्यें गुंडाळलेला कोट, टोपी, पाठीवरची पिशवी किंवा निदान आपला हात असावा. पुष्कळ शिकारी पुढचा भाग टेंकवितात व मागचा विसरतात. दस्त्याच्या खालीं वाळू भरलेला मोजा किंवा नुसती मूठ ठेविली, तरी नेम एकदम थंडावतो. मूठ आवळली कीं दस्ता उचलतो, सैल केली कीं खालीं येतो. पुढें एक टेंका व मागें एक टेंका! अहरोन व हूर ह्यांचेंच हें काम. झाडझुडूप नसेल तेथें दोन काठ्या कैचीसारख्या बांधून पुढें रोवितात. तेंही नसेल तर रायफलीचा पट्टा दंडाभोंवतीं एक वेढा देऊन ताणून धरितात.

एवढें झाल्यावर ते एक परीक्षा सांगतात, ती आम्हांस सर्वांत अधिक आवडली. नेम धरून डोळे मिटावे, एक-दोन श्वास सोडावे, अंग सैल करावें, आणि मग डोळे उघडून पाहावें. नळी अजून हरिणावरच असेल तर बैठक ठीक आहे. ती बाजूस गेली असेल, तर हातानें ओढून परत आणूं नये. कारण ओढून आणलेला नेम चाप दाबतांच आपल्या मूळ जागीं पळतो. उठून आपलें बूडच सरकवावें व नव्यानें बसावें. कित्येक मनुष्यें आपली बैठक तशीच ठेवून जन्मभर हातानें नेम ओढीत राहतात, आणि रविवारीं तो बहुधा नीट दिसतोही.

दुर्बिणीविषयीं थोडें सांगणें जरूर आहे, कारण आजकाल रायफलीपेक्षां दुर्बिणीवर अधिक पैसे खर्चणारे लोक आहेत. दुर्बिणीनें थरथर कमी होत नाहीं. ती मोठी दिसते, इतकेंच. आंतील फुली हरिणाच्या अंगावर नाचतांना पाहून नवशिक्या घाबरतो, आणि ती नेमकी जागेवरून जात असतांना क्षण पकडावा म्हणून चाप हिसकतो. त्याबरोबर नळी ढळते. पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायांत नियमशास्त्राविषयीं जें सांगतो त्यास ह्याहून चांगला दृष्टांत आम्हांस सांपडलेला नाहीं. शास्त्र दोष दाखवितें, स्वच्छ व मोठा करून दाखवितें. पण दाखविणें निराळें आणि आधार निराळा. दुर्बीण काढून टाका असा ह्याचा अर्थ नव्हे. तिच्यांत पाहून जो खालीं बसतो व टेंका शोधतो, त्यास तिचा उपयोग झाला.

श्वासाची रीत अशी आहे कीं उच्छ्वास सोडल्यावर पुढचा श्वास घेण्यापूर्वीं शरीर क्षणभर आपोआप थांबतें, त्या विसाव्यांत काम करावें. फार वेळ दम कोंडला तर दृष्टि अंधुक होते व थरथर उलट वाढते. तेव्हां पुन्हां श्वास घ्यावा आणि पहिल्यापासून आरंभ करावा. चाप बोटाच्या पेरानें हळूहळू, सरळ मागें दाबावा, आणि आवाज झाल्यावरही पळभर तसेंच राहावें. ह्याचा अभ्यास रिकाम्या रायफलीवर, ती रिकामी असल्याची दोनदां खात्री करून, घरीं महिनाभर करितात. कित्येक जण मात्र मेजावर वाळूच्या पिशव्या रचून दहा गोळ्या मारितात आणि समाधानानें घरीं जातात. त्यानें रायफल अचूक आहे हें सिद्ध झालें. मनुष्याची परीक्षा अजून व्हावयाची आहे. ती रानांत होते. पहांटेपासून थंडींत बसलेल्या मनुष्यापुढें एकाएकीं शिंगवाला नर येऊन उभा राहतो, काळीज धडधडूं लागतें, हातपाय कांपतात, शिकविलेलें सर्व विसरतें. ह्यास तेथें चक्क तापच म्हणतात. त्या घटकेस ज्याचें शरीर संवयीनें आपण होऊन खालीं बसतें, तोच निभावतो.

आणि जो निभावला नाहीं त्याचें काय होतें? त्याचें कांहींच होत नाहीं; होतें तें हरिणाचें. गोळी पोटांत लागली तर तें पाठ वांकवून सावकाश चालूं लागतें, दाट झाडींत जाऊन बसतें, आणि तेथें कित्येक तासांनीं मरतें. कोणी लगेच मागें गेला तर तसेंच उठून आणखी दूर जातें. म्हणून चांगल्या शिकाऱ्यास अशा वेळीं आपल्या अधीरतेवर दगड ठेवून तासन्‌तास थांबावें लागतें. पाय मोडला तर तें कित्येक दिवस जगतें. ज्वारीच्या दाण्याएवढ्या चुकीची ही किंमत आहे, आणि ती चूक करणारा देत नाहीं. म्हणून तेथें असा नेम आहे कीं प्रत्येकानें आठ इंचांची ताटली ठेवून पाहावें; बसून, गुडघ्यावर, उभ्यानें, किती वारांपर्यंत आपली एकही गोळी तिच्याबाहेर जात नाहीं तें ठरवावें, आणि त्यापलीकडच्या हरिणावर, तें कितीही सुंदर असो, चाप दाबूं नये. रायफल खालीं करून घरीं जावें. आमच्या मतें ह्या सर्व विद्येंत हेंच अतिशय कठीण आहे.

शास्त्यांच्या विसाव्या अध्यायांत बन्यामिनाच्या वंशांतील सातशें डावऱ्या वीरांची हकीकत आहे. ते केंसावर गोफणीचा धोंडा मारीत आणि चुकत नसत. "चुकणें" ह्याला तेथें मूळ इब्रींत जें क्रियापद आहे, तेंच इतर ठिकाणीं "पाप करणें" ह्या अर्थीं येतें. मात्र हेही लक्षांत असावें कीं ते सातशें जण गिब्यांतील दुष्टांचा पक्ष घेऊन लढले आणि त्यांच्या वंशाचा जवळजवळ उच्छेद झाला. हात अचूक असला म्हणजे काम न्यायाचें असतेंच असें नाहीं. पण काम न्यायाचें आहे म्हणून हात कसाही चालेल असें समजणारे आपल्यांत अधिक आहेत, आणि ह्या पत्राचे वाचक असलेल्या सुवार्तिक बंधूंस आम्ही हें मुद्दाम सांगतों. मंडळीच्या सभेंत कोणाचें नांव निघतें. गोष्ट अर्धी ऐकलेली असते, राग ताजा असतो, आणि शब्द सुटतो. ज्यास तो लागला तो भांडत नाहीं. तो पुढच्या रविवारीं मागें बसतो, मग दाराशीं, मग येईनासा होतो. आणि बोलणारास वाटतें, आपला शब्द कोणास लागलाच नाहीं. असा शब्द काढण्यापूर्वीं त्यानें खालीं बसून पाहिलें होतें काय? मंडळींतील दोघां वडील मनुष्यांस, एकास इकडे व एकास तिकडे, घेतलें होतें काय? मंडळीचा राग आलेला असतांना उभ्यानें नेम धरणें हाही एक तापच होय.

गोळी सुटली आणि हरिण उडी मारून दिसेनासें झालें, तर "चुकली" असें म्हणून चांगला शिकारी घरीं जात नाहीं. तें जेथें उभें होतें ती जागा तो डोळ्यांनीं धरून ठेवितो, तेथें जाऊन झाडास चिंधी बांधितो, आणि वांकून केंस व रक्त शोधितो. फेंसाळ, तांबडेंलाल असेल तर तें फुप्फुसांतलें. हिरवट व दुर्गंधी असेल तर पोटांतलें, म्हणजे थांबावयाचें. हें करितांना त्यास कोणी पाहत नाहीं. विस्कॉन्सिन विद्यापीठांत १९३३ पासून वन्य प्राण्यांच्या व्यवस्थेचे अध्यापक असलेले आल्डो लिओपोल्ड ह्यांचें जें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ सालीं छापलें, त्यांत त्यांनीं ह्याकडेच लक्ष वेधिलें आहे: शिकाऱ्यापुढें वाहवा करणारे किंवा नांवें ठेवणारे प्रेक्षक नसतात, त्याचें आचरण त्याच्या स्वतःच्या विवेकावर सोंपविलेलें असतें.

इस्राएलास ही गोष्ट फार पूर्वीं सांगितली होती. लेवीयाच्या सतराव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं ज्यानें खाण्याजोग्या पशूची किंवा पक्ष्याची शिकार केली, त्यानें त्याचें रक्त भूमीवर ओतून मातीनें झांकावें. निवासमंडपाच्या दाराशीं बळी देणारास याजक असे, वेदी असे, पाहणारे लोक असत. रानांत ह्यांपैकीं कांहींच नव्हतें. तेथें तो मनुष्य, तो मेलेला पशु, आणि त्याच्या हातांतली मूठभर माती.