उंदरांची ओळखपरेड

परवा रात्री स्वयंपाकघरातला पिंजरा खाड्‌कन वाजला. ही धावत गेली आणि ओरडली, "हाच तो! माझी साडी कुरतडणारा!"

"कशावरून?"

"तोंडावरूनच दिसतोय मेला!"

हिची माणसांची पारख अचूक. (एकदाच चुकली, ती लग्नाच्या वेळी, असं तीच म्हणते.) म्हणून मी गप्प बसलो. पण सुट्टीला आलेला माझा भाचा प्राणिशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "मामी, उंदीर तोंडावरून ओळखणं शास्त्रज्ञांनाही जमलं नाही!"

मग त्याने दक्षिण आफ्रिकेतल्या मास्टोमिस नावाच्या रानउंदराची हकिकत सांगितली. वर्षानुवर्षं ही एकच जात समजत. रंग तोच, शेपूट तेवढीच, धान्यावरची वासनाही तीच. १९७०च्या दशकात पेशींतली गुणसूत्रं मोजली, तर काहींत ३२ भरली, काहींत ३६! रक्तातलं हिमोग्लोबिनही निराळं. ३६वाल्याला प्लेग चटकन होतो. ३२वाला त्याला सहसा दाद देत नाही. उलट पश्चिम आफ्रिकेत लासा ताप पसरवणारा तो ३२वाला. इतकी वर्षं एकाचं पाप दुसऱ्याच्या खाती! उंदरांचा मात्र घोटाळा कधीच झाला नव्हता. रानात ते आपापल्या जातीतच सोयरीक जुळवतात, तीही पत्रिका न बघता.

मला माझे नामबंधू आठवले. आमच्याच गल्लीत माझ्याच नावाचे, माझ्याच मापाच्या टकलाचे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या उधारीसाठी वाणी मला भर रस्त्यात हटकतो. मी खुलासा केला की म्हणतो, "सगळे सारखेच!" मला राग येतो. पण हेच वाक्य रिक्षावाल्यांबद्दल, भाडेकरूंबद्दल मी शंभरदा उच्चारलं आहे. सारखे दिसतात हा दोष आपल्या नजरेचा. शिक्षा मात्र त्यांना.

हे मी हिला ऐकवलं. ती म्हणाली, "तुमची गुणसूत्रं मोजून होईपर्यंत माझी दुसरी साडी जाईल!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. न्यायाला वेळ लागतो, साडी कुरतडायला लागत नाही. तरी मी पिंजरा उचलला, लांबच्या माळावर नेला आणि आरोपीला संशयाचा फायदा देऊन सोडलं.

दुसऱ्या रात्री पिंजरा पुन्हा वाजला. "तोच परत आला!" ही म्हणाली.

मी वाकून नीट पाहिलं. खोटं कशाला बोलू? मलाही तोच वाटला.