समोर, पण कशाच्या?

सेंद्रिय सौरघटांवरील अलीकडच्या शोधनिबंधांत एक विधान शिक्क्यासारखे उमटताना दिसते: नव्या रेणूचा थर ‘फेस-ऑन’ आढळला, म्हणून विद्युतभार उभ्या दिशेने सहज वाहिला, म्हणून घटाची कार्यक्षमता वाढली. थराची मांडणी मोजलेली असते, कार्यक्षमताही मोजलेली असते. या दोहोंना सांधणारे दोन ‘म्हणून’ मात्र बहुधा कोणीच मोजलेले नसतात.

सेंद्रिय अर्धवाहकांचे रेणू सहसा चपटे असतात आणि त्यांच्या पृष्ठांवरील इलेक्ट्रॉनमेघ एकमेकांवर आले की भार एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर उडी घेतो. ओट्यावर रचलेल्या ताटांच्या चवडीत ही वाट खालून वर जाते, तर ताटाळ्यात कडेवर उभ्या लावलेल्या ताटांत ती आडवी जाते. काचेवरील थरात चवडीसारख्या मांडणीला फेस-ऑन आणि ताटाळ्यासारख्या मांडणीला एज-ऑन म्हणतात.

या संज्ञांच्या जोडीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती हेनिंग सिरिंगहाउस आणि सहकाऱ्यांच्या १९९९ मधील ‘नेचर’मधल्या निबंधाने. पी३एचटी या बहुवारिकाच्या ताटाळ्यासारख्या थरात भाराची गतिशीलता चवडीसारख्या थराच्या शंभरपटीहून अधिक भरली, आणि ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह काचेला समांतर वाहत असल्यामुळे ते सयुक्तिकच होते. (त्या थरांतील साखळ्यांची नियमितताही सारखी नव्हती, तेव्हा सगळे श्रेय दिशेला देता येत नाही, उद्धृत करणारे ही बाब सहसा गाळतात.) सौरघटात प्रवाह काचेला लंब वाहतो, म्हणून तेच चित्र नव्वद अंशांत फिरवून फेस-ऑन श्रेष्ठ ठरवण्यात आले. ज्या पी३एचटीवर या क्षेत्राचे जवळपास एक दशक पोसले गेले, ते फुलरीनबरोबर मिसळूनही बहुतांशी एज-ऑन राहत होते आणि तरीही २००५ च्या सुमारास पाच टक्के कार्यक्षमतेच्या आसपास पोहोचले होते. ही विसंगती अपवादाच्या खात्यात जमा झाली.

परंतु खरी गफलत याच्याही आधीची आहे. टँग यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सेंद्रिय सौरघटात दात्याचा (इलेक्ट्रॉन देणाऱ्या पदार्थाचा) एक थर आणि त्यावर ग्राहीचा (फुलरीनसारख्या इलेक्ट्रॉन घेणाऱ्या पदार्थाचा) दुसरा थर होता. प्रकाश शोषल्यावर निर्माण होणारी इलेक्ट्रॉन आणि विवर (त्याची रिकामी जागा) यांची बांधलेली जोडी, म्हणजे एक्सायटॉन, या दोन थरांमधील आंतरपृष्ठावर पोहोचली तरच फुटते आणि तोपर्यंत तिला साधारण दहा नॅनोमीटरच प्रवास झेपतो. १९९५ मध्ये केंब्रिज आणि सांता बार्बरा येथील गटांनी दाता आणि ग्राही एकत्र कालवून ही अडचण सोडवली, हा इतिहास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो आणि तो खरा आहे. तो अपुरा आहे एवढ्याचसाठी, की त्या कालवण्याने अंतराबरोबर दिशेचीही व्यवस्था बदलली. टँग यांच्या घटात आंतरपृष्ठ काचेला समांतर होते, त्यामुळे काचेच्या संदर्भात चपटा पडलेला रेणू ग्राहीच्या संदर्भातही चपटाच पडलेला असे. मिश्रणात आंतरपृष्ठ वाकडेतिकडे, सर्व दिशांना तोंड करून पसरते. तिथे काचेवर चवडीसारखा रचलेला रेणू शेजारच्या फुलरीनकडे पृष्ठ करून असेल, कड करून असेल किंवा टोक करून असेल. ‘फेस-ऑन’ या एका शब्दात राहणारे दोन अर्थ त्या दिवशी विभक्त झाले, पण वाटणीपत्र कोणी लिहिले नाही.

फरक नुसता शाब्दिक नाही. बर्लिनच्या नॉर्बर्ट कॉख यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की एकाच रेणूची आयनीकरण ऊर्जा तो उभा रचला आहे की आडवा यानुसार काही दशांश इलेक्ट्रॉन व्होल्टांनी बदलते, आणि एक्सायटॉन फुटण्याचा सौदा आंतरपृष्ठावर याच मापात ठरत असतो. पुढे नॉर्थ कॅरोलायनातील हेराल्ड आडे यांच्या गटाने २०१४ मध्ये ध्रुवित मृदू क्ष-किरणांच्या प्रकीर्णनाने आंतरपृष्ठाच्या संदर्भातील रेणूंची मांडणी तपासली आणि घटाची कामगिरी तिच्याशी जुळते असे मांडले. या निबंधाचे वाचन मात्र ‘फेस-ऑन चांगले, याला आणखी एक पुरावा’ असे झाले. वास्तविक त्याने जुन्या प्रश्नाचा संदर्भबिंदूच काचेवरून हलवला होता, आणि हे काम १९९५ मध्येच व्हायला हवे होते.

काचेचा संदर्भ टिकून राहिला याला मोजण्याची सोयही कारणीभूत आहे. थरावर अगदी निसटत्या कोनातून क्ष-किरण सोडून मिळणाऱ्या विवर्तनचित्रात उभ्या दिशेला चवडीचे शिखर दिसले की फेस-ऑन असा निर्णय दिला जातो. हे शिखर फक्त सुव्यवस्थित भागांतून येते आणि विस्कळीत भाग, जो मिश्रणात बराच असतो, जवळजवळ मूक राहतो. शिवाय या रचनेत नेमकी उभी दिशा शोधकाच्या टप्प्याबाहेर पडते, त्यामुळे दोन प्रकारच्या स्फटिकांचे प्रमाण काढायला वेगळी दुरुस्ती लागते. मृदू क्ष-किरणांना अस्फटिकी भागातील दिशाही जाणवते, पण त्यांचा अर्थ लावायला प्रतिमान लागते आणि चित्र एका नजरेत छापण्याजोगे नसते. सोपे चित्र आधी छापले जाते, एवढाच हा मामला.

एकावर एक थर असलेल्या घटांत मात्र हा शब्द अजूनही आपल्या जागी आहे. कॉपर आयोडाइडच्या पातळ अस्तरावर झिंक थॅलोसायनिन हा दाता बसवला की एरवी उभे राहणारे ते रेणू आडवे पडतात, प्रकाश अधिक शोषतात आणि वर बसवलेल्या फुलरीनला पृष्ठच दाखवतात. तेथे काच आणि ग्राही एकाच दिशेला साक्ष देतात, कारण दाता आणि ग्राही यांच्यामधील आंतरपृष्ठ अजून सपाट आहे.