रोशाचे नाव

अत्तर अस्सल आहे की नकली, हा प्रश्न आपण दुकानात विचारतो. दुकानदार हाताच्या पाठीवर फाया फिरवतो, आपण हुंगतो आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून कुपी घेतो. पण ‘अस्सल’ म्हणजे नेमके काय, हे ना तो सांगतो, ना आपण विचारतो. आम्हांला हा प्रश्न केवळ व्यापाराचा वाटत नाही, तो नीतीचाही आहे. त्याचे उत्तर शोधायला कनौजपर्यंत जायला नको. ते आमच्या शहादा तालुक्याच्या आसपासच उगवते.

पुरुषोत्तमनगर म्हटले की लोकांना सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना आठवतो, आणि त्यामागोमाग मळीचा आंबूस-गोड वास. पण कारखाना येण्याच्या पुष्कळ आधी या मुलखाला दुसऱ्याच एका वासाची ओळख होती. तो वास सातपुड्याच्या उतारांवर आपसूक वाढणाऱ्या रोशा गवताचा, म्हणजेच तिखाडीचा. १९ व्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांत रोशाचे तेल काढणाऱ्या भट्ट्या होत्या. गवत फुलावर आले की कापायचे, पाण्याबरोबर उकळायचे, वाफ नळीतून थंड पाण्यात बसवलेल्या भांड्यात उतरवायची आणि वर तरंगणारे तेल काढून घ्यायचे. गवताचे वाण दोन, मोतिया आणि सोफिया. मोतियाचे तेल गोड, म्हणून त्याला मान अधिक.

हे तेल जात कुठे होते? थोडे सांधेदुखीवर चोळायला इथेच राही. बाकीचे मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. तिथे त्याचे गाव पुसले जाई आणि युरोपच्या बाजारात ते ‘तुर्की जिरॅनियम’ या नावाने ओळखले जाई. बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. कधी तर भट्टी लावण्यापूर्वी गुलाबाच्या पाकळ्यांवरच ते शिंपडले जाई. ही भेसळ खपण्याचे कारण साधे आहे. गुलाबात जे जिरॅनिऑल नावाचे सुगंधी द्रव्य असते, तेच रोशाच्या तेलात भरपूर असते. नाकाला फसवणे सोपे होते, कारण नाक पूर्णपणे फसत नव्हतेच. गुलाबाचा एक अंश त्या गवतात खरोखरच होता.

मग यात खोटे काय होते? गवत खोटे नव्हते, तेल खोटे नव्हते, वासही खोटा नव्हता. खोटे होते ते कुपीवरचे नाव. वर्गात एखादा मुलगा दुसऱ्याच्या वहीतला निबंध उतरवून आणतो, तेव्हा निबंध वाईट असतो असे नाही. खाली लिहिलेले नाव त्याचे नसते, एवढेच.

पैगंबरांची (स.) बाजारातली ती गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले, आणि फसवणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. आम्हांला यात एक बारकावा दिसतो. ओले धान्य विकू नकोस, असे म्हटलेले नाही. ते लपवू नकोस, असे म्हटले आहे. शुद्धतेपेक्षा उघडपणाची मागणी इथे मोठी आहे.

आज ‘नैसर्गिक’ या शब्दाला भाव आला आहे, म्हणून हा निकष त्यालाही लावला पाहिजे. कनौजची जुनी रीत फुलांचा अर्क चंदनतेलात उतरवण्याची. चंदन महागले तसे पुष्कळ अत्तरांत त्याच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखी स्वस्त द्रव्ये आली. गरिबाला ईदच्या दिवशी दहा-वीस रुपयांत सुगंध मिळतो, तो अशाच कुपीतून. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण त्यावर ‘शुद्ध चंदन’ लिहिणे हे ओले धान्य राशीखाली दडवणेच आहे. उलट, वनस्पतीपासून काढले म्हणून ते निरुपद्रवी, असेही नाही. जिरॅनिऑल गवतातले असो वा कारखान्यातले, काहींच्या त्वचेला ते खाज आणते. म्हणूनच ठरावीक प्रमाणापेक्षा ते अधिक असेल, तर युरोपीय संघाच्या नियमांनुसार वेष्टनावर त्याचे नाव छापावे लागते.

नावाचा निकाल वेष्टनावर लागतो, तर वासाचा त्वचेवर. अल्कोहोलचा फवारा झटकन उडतो आणि वास खोलीभर फेकतो. तेलातले अत्तर अंगाजवळ राहते. जो जवळ येईल त्यालाच ते कळते. रोशाचे तेल मनगटावर लावले तर आधी ओले गवत आणि लिंबाची चुणूक येते, मग अंगाच्या उबेने गुलाबासारखा गोडवा वर येतो, आणि चंदनासारखा जड आधार नसेल तर तासा-दोन तासांत तो विरतो. एकाच कुपीतले अत्तर बापाच्या हातावर एक आणि लेकाच्या हातावर थोडे वेगळे वाटते, कारण घाम, ऊब आणि त्वचेचा तेलकटपणा त्यात मिसळतो. असे अत्तर माणसाला झाकत नाही. ते त्याच्यासोबत राहते.

इथे आम्हांला रोशावर झालेला दुसरा अन्याय दिसतो. गिऱ्हाईक फसले, ते तर झालेच. पण सातपुड्याच्या या गवताला आणि ते कापणाऱ्या, भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या हातांना स्वतःच्या नावाने दरबारात जाता आले नाही. गुलाब म्हणून गेले तेव्हाच त्यांना किंमत आली. आमची मुलेही शहरात शिकायला जातात, तेव्हा बोलीचा, घरच्या फोडणीचा, शेतातल्या घामाचा वास पुसून टाकायला आधी शिकतात. त्यांना नोकरी मिळते, मानही मिळतो. पण तो मान कुणाला मिळालेला असतो?

गुलाब व्हावेसे वाटणे हा गुन्हा नाही. मात्र रोशाला रोशा म्हणून हुंगणारे नाक समाजात तयार होत नाही, तोवर भेसळ थांबणार नाही, कुपीतली नाही आणि माणसांतलीही नाही. ते नाक तयार करणे हे शाळेचे काम आहे, आणि घराचेही.