ब्रेक कुणासाठी?
दसऱ्याला चंद्रपूर-गडचिरोलीत ट्रकपासून दुचाकीपर्यंत गाड्या धुतल्या जातात, हार-कुंकू होतं, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं. पूजेला हरकत नाही. पण झिजलेल्या ब्रेक पॅडवर कुंकवाचा उपयोग काय? इंजिन आपल्या सोयीचं, ब्रेक मात्र समोरच्याच्याही जिवासाठी, आणि चंद्रपूर-मूल रस्त्यावर समोरचा म्हणजे चितळ, कधी वाघही. म्हणून पॅड बदलणं हा मला धर्माचाच प्रश्न वाटतो. कुणी म्हणेल, हे मिस्त्रीचं काम, घरी करणं हा आगाऊपणा. अर्धं खरं: नुसत्या जॅकवर गाडी तोलून हात घालणारा चुकतोच, आणि ज्याला जमत नाही त्यानं गॅरेजच गाठावं. पण नवे पॅड बसवताना ब्रेकचा पिस्टन मागे रेटला जातो. त्यामुळे निघण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबलं नाही, तर पहिल्याच ब्रेकला ते खाली बसतं. हे दाबणं गॅरेजातही विसरलं जातं, अंगणातही पाळता येतं. फरक जागेचा नाही, निष्ठेचा आहे. पूजा ही कृतज्ञता, हमी नव्हे, असंही कुणी सांगेल. कबूल. मग खंडेनवमीलाच चाक काढून पाहावं. पॅडचा थर तीनेक मिलिमीटर उरला असेल, तर हाराआधी पॅड आणावेत.